पेटीला कुलूप लावू नये

मी पेटी बोलतेय. लोखंडाची, तपकिरी रंगाची, कमरेइतकी उंच आणि एक माणूस पाय पसरून झोपेल एवढी लांब. डोंगरातल्या जंगलात तंबू ठोकून राहायचा एक तळ आहे, तिथे चौथ्या जागेवर मला सिमेंटात बोल्ट मारून बसवलंय. आधीच सांगून टाकते, मला माणसं आवडत नाहीत. तुम्ही ऐकताय म्हणून मी तोंडदेखलं गोड बोलेन अशी आशा धरू नका. बारा वर्षं तुमचं खाणंपिणं पोटात घेऊन बसलेय, तुम्ही काय चीज आहात ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला जोडणारा वेल्डर बडबड्या होता, पण हात सोन्याचा. माझ्या कडीवर त्याने पत्र्याची एक टोपी बसवली. टोपीखाली बोटं घालून आतली पट्टी वर दाबली की झाकण सुटतं. माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. "हिला अस्वलाने उघडलं तर मी हा धंदा सोडीन," असं तो मालकाला म्हणाला होता. अजून तो धंद्यात असणार, कारण मला कुठल्याही अस्वलाने उघडलेलं नाही.

माझ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आहेत. खाण्याचं सगळं आत ठेवा. पेटीला कुलूप लावू नये. कुलूप का नाही, तर घाईगर्दीत कुणालाही मला उघडता यावं, हातातला घास आत टाकता यावा. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट कळली तर तो माणूस कसला.

तळावर नळ नाही, दिवा नाही. खड्ड्याचा एक संडास आणि खाली ओढा. लोक म्हणतात, आम्हाला शांतता हवी. मग गाडी फाटकापाशी ठेवून अर्धा तास चढून वर येतात आणि पहिली गोष्ट काय करतात, तर हात वर करून मोबाईलला रेंज शोधतात. मग तंबू उभारताना भांडतात. तंबू उभारताना जे जोडपं भांडलं नाही त्यांचं लग्न अजून व्हायचं असतं, हा माझा अनुभव. आणि जाताना ओली खरकटी पिशवी माझ्या पोटात विसरून जातात. आठ दिवस तो वास मी सोसायचा.

या सगळ्यांवर डोळा ठेवायला एक रखवालदारीण आहे. पन्नाशीची, वाळक्या अंगाची. फाटकाजवळच्या खोलीत राहते आणि सकाळ-संध्याकाळ फेरी मारते. बोलली की दटावतेय असंच वाटतं. "दात घासायची पेस्टसुद्धा पेटीत. तंबूत ठेवलीत तर मी तंबू उचलून ओढ्यात टाकीन." लोक तिला मागून नावं ठेवायचे. मला मात्र तिचं बरं वाटायचं, आमचा स्वभाव जुळायचा.

आणि एक अस्वलीण होती. ढमी. नाव रखवालदारणीनेच ठेवलेलं. ढमीच्या कानात पिवळा बिल्ला होता, कारण तिच्या नावावर दोन गुन्हे होते. एकदा कुणी तंबूत जॅमची बरणी ठेवली, ती तिने तंबू फाडून खाल्ली. दुसऱ्यांदा एका गाडीची काच फोडली. चूक कुणाची, शिक्षा कुणाला. तिसऱ्यांदा माणसाचं खाणं खाल्लं की गोळी, असा कायदा आहे. कायदा वेडा नाही हे मलाही कळतं. आयत्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल माणसाला धरून राहतं, आणि मग एक दिवस माणूस मरतो.

म्हणून दोन वर्षं रखवालदारणीने ढमीला हाकललं. दिसली की दगड, दिसली की पत्र्याचा डबा बडवायचा, दिसली की शिव्या. एवढ्या शिव्या तिने स्वतःच्या नवऱ्यालाही दिल्या नसतील. मला आधी वाटायचं, हिचा त्या जनावरावर राग आहे. मग एकदा दगड मारून झाल्यावर ती माझ्यावर येऊन बसली. पळून गेलेल्या ढमीला म्हणाली, "जा बाई, लांब जा. माझं तोंडही बघू नकोस. तरच जगशील."

माझं आणि ढमीचं तर उघड वैर. चार वेळा ती माझ्यावर चालून आली. पंजे मारले, रंग खरवडला, मागच्या पायांवर उभी राहून मला हलवून पाहिलं. मी ढिम्म. ती फुरफुरत निघून जायची आणि मला वाटायचं, चला, आजही हिला वाचवलं. असा जीव वाचवायचा मला अभिमान होता, का लपवू?

या उन्हाळ्यात दोन साडू आले.

सख्ख्या बहिणींचे नवरे. बहिणींनी ठरवलं होतं की चार दिवस डोंगरात एकत्र राहिले की दोघांचं जमेल. बिचाऱ्या. थोरला साडू दोन तास आधी पोचला आणि त्याने मला काठोकाठ भरलं. खाणं तर भरलंच, शिवाय घडीच्या खुर्च्या, बुटांच्या पिशव्या, बॅडमिंटनचं जाळं. जाळं कुठलं अस्वल खातं, देव जाणे. धाकटा आला तेव्हा माझ्यात बरणी ठेवायलाही जागा नव्हती.

"साडूभाऊ, खुर्च्या बाहेर काढा की थोड्या," धाकटा म्हणाला.

"लवकर यायचं होतं," थोरला म्हणाला. "जागा आगाऊ मी घेतली होती."

"जागा तुम्ही घेतली, जंगल नाही घेतलं."

संध्याकाळी रखवालदारणीने दोघांना समोर उभं करून सगळं सांगितलं. ढमीचं, बिल्ल्याचं, तिसऱ्या वेळेचं. "दोघांचं खाणं एकाच पेटीत. खुर्च्या बाहेर. आणि कुलूप नाही." दोघांनी माना डोलावल्या. धाकट्याने लगेच खुर्च्या आणि बूट काढून आपलं सामान आत रचलं, ते रचताना थोरल्याची अंड्यांची थप्पी मुद्दाम खाली दाबली. तीन फुटली. मला कळलं ना, माझ्याच पोटात फुटली.

सकाळी थोरल्याने ती अंडी पाहिली. धाकट्याच्या पिशव्या काढून गवतावर ठेवल्या, खुर्च्या परत आत कोंबल्या, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून सायकलची साखळी ओवून वर कुलूप ठोकलं. बायकोने विचारलं, "अहो, हे काय?" तर म्हणाला, "शिस्त." किल्ली खिशात घातली आणि दोघं धबधब्याकडे गेली.

धाकटा उठला, त्याने साखळी पाहिली. कुलूप दोनदा ओढलं. मग त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, ते मला मुळीच आवडलं नाही. त्याने पिशव्या उचलल्या आणि एकेक करून माझ्या झाकणावर मांडल्या. पाव, लोणी, तळलेले मासे, मधाची मोठी बरणी.

"गाडीत तरी ठेवून या," त्याची बायको म्हणाली.

"अर्धा तास उतरू आणि अर्धा तास चढू? का? तुझ्या भाऊजींनी कुलूप लावलं म्हणून? पेटीवर ठेवलंय. बघू दे येऊन सगळ्यांना."

"त्या बाईने सांगितलं होतं..."

"काही झालं तर त्यांच्या गळ्यात."

ती आणखी एकदा म्हणाली, मग कंटाळली. दोघं टॉवेल घेऊन ओढ्यावर गेली. मी तिथे. पोटात खुर्च्या, डोक्यावर मध.

ढमी दुपारी तीनच्या सुमाराला आली. भर उन्हात. आधी लांब उभी राहून तिने वास घेतला. दोन पावलं आली, थांबली, रखवालदारणीच्या वाटेकडे बघितलं. दगड आला नाही. मग ती माझ्यावर चढली. इतकी वर्षं मला बाहेरून ओरबाडणारी माझी वैरीण माझ्या झाकणावर बसून पाव खात होती, आणि मला काही करता येत नव्हतं. मध फुटून माझ्या अंगावरून खाली ओघळला. ती तो चाटत होती. तिची जीभ खरखरीत आणि गरम होती. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

त्या दिवशी रखवालदारीण फेरीला लवकर निघाली होती. तिने वळणावरून पाहिलं आणि अशी धावली की तिची टोपी पडली. दगड, डबा, शिव्या. ढमी पळाली. मग ही बाई गुडघ्यांवर बसली आणि आपल्या गळ्यातल्या रुमालाने माझ्यावरचा मध पुसायला लागली. ओढ्यातून चार वेळा पाणी आणलं. फाटक्या पिशव्या गोळा केल्या. खाली ऑफिसात कळवायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

चौघंही परत आली. तिने त्यांना माझ्याभोवती उभं केलं. दटावलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मी तिचा विनवणीचा आवाज ऐकला.

"ढमीच होती. बिल्ला पाहिला मी. पण कुणाला काही लागलेलं नाही. मी वहीत लिहिणार नाही, तुम्ही खाली ऑफिसात बोलू नका. बोललात तर मलाच बंदूक घेऊन यावं लागेल. एवढं करा माझ्यासाठी."

"आम्ही कशाला बोलतोय," थोरला म्हणाला.

"आपल्याला काय करायचंय," धाकटा म्हणाला.

दोघी बहिणींनी तिचा हात धरला. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. वा, म्हटलं, एकदा तरी या दोघांचं एकमत झालं.

ती गेली आणि अर्ध्या तासात आवराआवर सुरू झाली. थोरला बायकोच्या कानात म्हणाला, "हा खाली जाऊन माझ्या साखळीचं सांगणार, बघ तू. त्याच्या आधी आपण सांगितलेलं बरं." पलीकडे धाकटा आपल्या बायकोला म्हणत होता, "तुझे भाऊजी माझ्यावर ढकलणार. लेखी देऊन टाकतो, म्हणजे कटकट नको." थोरल्याने माझ्या झाकणावरच्या नख्यांच्या ओरखड्यांचे फोटो काढले. धाकट्याने साखळीचे काढले. साखळी सोडताना थोरल्याचे हात घाईने घसरत होते. मग एकामागून एक दोघंही उतारावरून जवळजवळ पळत गेले.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातला साहेब वर आला. माझ्यावर बसला, हातात दोन कागद. वाईट माणूस नव्हता तो, नुसता दमलेला होता.

"एकाने लिहिलंय, साडूने खाणं उघड्यावर टाकलं. दुसऱ्याने लिहिलंय, साडूने कुलूप लावलं. अस्वल बिल्ल्याचं होतं, हे मात्र दोघांनी लिहिलंय. आणि बाई, तुमच्या वहीत त्या दिवशी आहे, 'विशेष काही नाही'."

"त्यांनी ढमीला पाहिलंही नव्हतं," ती म्हणाली. "तीच होती हे मीच सांगितलं. हात जोडताना."

"मला आता लपवता येत नाही."

"माहीत आहे."

"दुसऱ्या कुणाला पाठवू?"

"नको. नेम चुकला तर जखमी होऊन फिरत राहील. मी करते."

पुढच्या सकाळी तिने माझ्या झाकणावर मध ठेवला. स्वतःच्या हाताने. आणि बंदूक घेऊन समोरच्या झाडापाशी उघड्यावरच बसली, लपली नाही. ढमी आली. तिने बाईला पाहिलं आणि सवयीने वळून पळाली.

पळू दे, पळू दे, मी म्हणत होते.

वीसेक पावलांवर ढमी थांबली. मागे वळून बघितलं. ती दगडाची वाट बघत होती. दोन वर्षांत असं कधी झालंच नव्हतं की बाई दिसली आणि दगड आला नाही. रखवालदारणीच्या पायाशी दगडच दगड होते. तिने एकही उचलला नाही. ढमीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग खात्री पटल्यासारखी हळूहळू माझ्याकडे परत आली.

नेम चुकला नाही.

साडूंचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, आणि त्यांचं वाटोळं झालं असलं तर ऐकायला आवडेल. तुम्हाला हे बोलणं लागत असेल तर लागू दे.

गेल्या आठवड्यात चौथ्या जागेवर एक मोठं कुटुंब आलं. त्यांच्यातल्या आजींनी रखवालदारणीला विचारलं, "इथे अस्वल येतं म्हणे?"

"आता येत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं," आजी म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून सांगितलं, "अगं, डबे राहू देत बाहेरच. कोण सारखं वाकून काढणार."

मी वाट पाहिली. आता ही फुटेल, आता तंबू ओढ्यात टाकायची धमकी देईल. ती काहीच बोलली नाही. डब्यांकडे एकदा बघितलं आणि पुढच्या जागेकडे चालू लागली. त्या दिवसापासून ती कुणालाच दटावत नाही.

जंगलात अस्वलं अजून आहेत. कालच पलीकडच्या उतारावर एक लहानसं पिल्लू दिसलं, त्याच्या कानात अजून काही नाही. बाई बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागलं. ते डबे आत ठेवा.