मी बेल उचलला नाही

आजबी आठवलं का माह्या अंगाचा तिळपापड होते. वलगावच्या चावडीवर त्या दिवशी पन्नास मानसं बसली होती, अन् पन्नासाईच्याबी तोंडाले कुलूप! कापसावर पानी कोन मारते, हे सगळ्याईले ठाऊक होतं. अन् दोरीनं बांधला होता कोनाले? नत्थुजी बुढ्याले. साठीचा गाडीवान, ज्यानं उभ्या जन्मात कोनाच्या वावरातलं बोंड तोडलं नाही!

त्या वक्ती कापसाले सोन्याचा भाव आला होता. साता समुद्रापार गोऱ्याईची आपसात लढाई जुंपली म्हनत, अन् इकडं वऱ्हाडात मानसं येडी झाली होती. खुशालराव अडत्याच्या आवारात आमी वीस बाया हातानं फिरवाच्या रेच्यावर कापसातली सरकी काढाले बसत होतो. दिवस कलला का हा खुशालराव सोता झारी घेऊन ये, अन् मोकळ्या रुईवर पानी शिंपडे, वजन वाढाले. आमच्या डोळ्यादेखत! वरून म्हने, "काय पाह्यता? हात चालवा."

मंग नत्थुजीच्या गाडीतून माल अमरावतीले गेला. तिथं कापूस घेनाऱ्या गोऱ्या साहेबाच्या मानसानं बोरा फोडला, तं आतली रुई सडलेली, नाकाशी धरवत नाही. खुशालरावानं हात झटकले. म्हने, गाडीवानानं वाटेत रुई चोरली अन् वजन भरून काढाले पानी मारलं. साहेबाच्या मानसानं पाटलाले सांगितलं, दोन दिवसांत साक्षीदार आन, नाही तं बुढा तुरुंगात जाईन.

नत्थुजीसाठी माहा जीव काहून तुटत होता, ते सांगते. माह्या नवऱ्यानं बांधाच्या भांडनात बेलभंडारा उचलून आन घेतली होती. खरं तेच बोलला होता तो. पन वर्साच्या आत पटकीनं गेला, अन् गाव म्हने, खोटी आन घेतली म्हनून देवानं नेला. मढं घरात, अन् दारात कोनी फिरकलं नाही. एकटा नत्थुजी गाडी घेऊन आला अन् त्याले नदीवर घेऊन गेला. त्या गाडीचा आवाज आला का मले ते मढं आठवे, अन् मी अजूनबी रस्ता सोडून बाजूले होत होती.

अन् बेलाचं पान पाह्यलं का माह्ये हातपाय गार पडत. पुढं अमरावतीच्या पाद्र्याच्या मड्डमेनं मले जवळ बसवून सांगितलं, "गोदाबाई, तुझ्या नवऱ्याला देवानं नाही मारलं. तो रोगानं गेला. देव तर तुझ्याजवळ बसून रडत होता." ते आयकून मी पहिल्यांदा पोटभर रडली. मंग बाप्तिस्मा घेतला. गावानं पानी तोडलं, माह्या शेजारच्या रेच्यावरच्या पार्वताबाईनं आपलं मडकं उचलून दूर नेलं. ते सोसलं. पन भ्या? भ्या काही एका दिवसात जात नाही, बाप्पा.

चावडीवर भगवंतराव पाटलानं तबक ठेवलं. त्यात बेलाची पानं, हळदीचा भंडारा. "ज्यानं पाह्यलं त्यानं उचला अन् सांगा." खुशालराव समोरच बसला होता, एकेका बाईकडं पाहून राहिला होता. हळूच म्हने, "विचार करून उचला. आन खोटी निघाली का काय होते, ते गोदीच्या घरी पाह्यलंच तुमी."

माह्या मेलेल्या मानसाचा धाक घालून हा चोर सुटाले पाहे! निर्लज्ज मेला! पन खरं सांगते, तबकाकडं पाहाची माही हिंमत होत नव्हती. मी डोळे मिटले. म्हटलं, येशूबाप्पा, भ्या जात नसन तं राहू दे, पन मले उभी कर. तू बसला होता नं माह्याजवळ? आताबी धर हात.

उभी राहिली. "पाटीलबुवा, मी पाह्यलं. पानी खुशालरावानं मारलं. रोज मारे."

"बेल उचल."

"नाही उचलत. आमच्यात आन घेत नाहीत, येशूनंच नाही म्हटलं. माहं साधं बोलनंच खरं धरा."

"पाह्यलं नं?" खुशालराव लोकाईकडं पाहून हासला. "आन घ्याले भेली!"

एक पान उचललं असतं तं बुढा सुटला असता. हात पुढं गेलाबी माहा. पन ते मी देवासाठी नसतं उचललं, देव मारते ह्या जुन्याच भ्यापायी उचललं असतं. हात मांगं घेतला अन् ओरडली, "भेत होती, दोन वर्सं भेत होती! माहा नवरा खरं बोलला अन् रोगानं मेला. देवानं नाही मारला त्याले! अन् तुमी सगळे, तुमाले तं देवाचं भ्या आहे म्हनता, मंग ह्या बुढ्याले बांधलेला कसा पाह्यवते तुमाले?"

मंग पार्वताबाई उठली. तिनं बेल उचलला. "गोदी खरं बोलते. मीबी पाह्यलं. मरायचं असन तं मरीन." तिच्यामांगं आमच्या रेच्यावरचीच सत्यवती उठली, मंग आनखी तिघी. खुशालरावाचं तोंड उतरलं. पाटलानं नत्थुजीची दोरी सोडाले लावली.

पटवारी कागदावर पाची जनीचं नाव लिहून राहिला होता. मी इचारलं, "अन् माहं?"

"तू आन घेतली नाही. तुहं बोलनं धरता येत नाही."

वा रे न्याय! पहिल्यांदा बोलली मी, अन् कागदावर मीच नाही! दोन गोष्टी सुनवाले मी तोंड उघडलं, तेवढ्यात नत्थुजी मनगटं चोळत जवळ आला. डोळे भरले होते त्याचे.

"गोदे," तो म्हने, "चाल पोरी, गाडीत बस. घरी सोडून देतो."

त्याच गाडीतून माहा नवरा गेला होता.

मी बसली.