रेतीच्या महादेवातली अंगठी

लांब दांडीच्या टोकाला जेवणाची थाळी उलटी जोडली तर कशी दिसेल? मी अगदी तसाच दिसतो. मित्रांनो, मी कामठीतला एक जुना धातुशोधक आहे. जमिनीत कुठे धातू असला की माझ्या पोटातून ‘कुंईं’ असा सूर निघतो. एवढीच माझी विद्या.

माझा जन्म लष्करासाठी झाला. पुरलेले सुरुंग कसे शोधावेत, हे जवान माझ्यावर शिकले. पुढे नवी यंत्रे आली, मी लिलावात निघालो आणि नागपूरच्या एका भंगार दुकानात येऊन पडलो. शेजारी माझाच एक थोरला भाऊ उभा होता. त्याची थाळी परातीएवढी, रंग चकचकीत. माझे मात्र पोपडे निघालेले.

१९७४ साली तिथे नत्थूजी आले. ते कामठीला रेडिओ दुरुस्त करीत. कन्हान नदीच्या घाटावर लोकांची नाणी, दागिने हरवतात, ते शोधावेत असे त्यांच्या मनात होते. खिसा मात्र हलका.

“मोठा घ्या नत्थूजी,” दुकानदार म्हणाला, “हातभर खोल पाहते तो.”

“मले काय रणगाडा शोधाचा हाय का गा? मले बायकोचं जोडवं शोधाचं हाय!”

असे म्हणून त्यांनी खिशातून खरेच सुभद्राबाईंचे दुरुस्तीला आणलेले जोडवे काढले आणि दुकानाच्या दारातल्या रेतीच्या ढिगात पुरले. थोरल्या भावाची थाळी वरून फिरवली. तो गप्प. मग मला फिरवले. माझी थाळी लहान, म्हणून बारीक वस्तू मला लवकर कळते. मी लगेच बोललो. शिवाय मला टॉर्चचे साधे सेल चालत. त्याला खास बॅटरी लागे. नत्थूजींनी रंग पाहिला नाही, फक्त कान दिला. त्यांच्या त्या निवडीचे मला आजही कौतुक वाटते.

घरी सुभद्राबाईंनी मला हळदकुंकू लावले. त्यांचे बारा महिने काही ना काही व्रत चालू असे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “नदीले वाहिलेला पैसा नदीचा. हरवलेली वस्तू ज्याची त्याची. हे पटत असन तर याले आत आणा.”

“मग मले काय उरलं?”

“आशीर्वाद.”

“आशीर्वादात सेल येते का वं?”

नत्थूजी कुरकुरले खरे, पण तो शब्द त्यांनी जन्मभर पाळला.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस सांगतो. दुसऱ्याच वर्षीची हरतालिका. समोरच्या कुसुमताईंच्या घरी गल्लीतल्या बायका जमल्या. प्रत्येकीने ओल्या रेतीची महादेवाची पिंड केली, पूजा केली, रात्र जागवली. सकाळी पिंडी नदीत सोडायच्या, तर कन्हानला पूर. म्हणून सगळ्यांनी आपापले महादेव घाटावरच्या उंबराखाली ठेवले. पाणी ओसरले की ऋषिपंचमीच्या स्नानाला येऊ, तेव्हा सोडू, असे ठरले.

त्याच दुपारी, गणपतीच्या नैवेद्याचे पीठ मळताना, कुसुमताईंना आपले बोट रिकामे दिसले. सोन्याची अंगठी नव्हती.

पूजेची जागा धुतली होती जयवंताने. ती गल्लीतल्या पाच घरची धुणीभांडी करी. कुसुमताई म्हणाल्या, “मी कोणाचं नाव घेत नाही. पण बायका गेल्यावर घरात दुसरं आलंच कोण?” संध्याकाळपर्यंत हे वाक्य उरलेल्या चारही घरी पोचले. ऋषिपंचमीच्या सकाळी कोणीच जयवंताला उंबरठ्याच्या आत घेईना.

ती तडक आमच्या अंगणात आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्या मागे कुसुमताईही आल्या.

“भाऊ, फिरवा तुमची थाळी माह्या अंगावरून! एकदाचं होऊन जाऊ द्या.”

मी कोपऱ्यात उभा होतो. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“ही थाळी मातीवर फिरते बाई, माणसावर नाई फिरत.”

मित्रांनो, लष्करात मी मोठे मोठे अधिकारी पाहिले. पण त्या क्षणी त्या रेडिओवाल्याएवढा मोठा माणूस मला कोणी वाटला नाही.

सुभद्राबाईंनी हळूच विचारले, “कुसुमताई, पिंड करताना अंगठी बोटात होती?”

“होती तं! त्या दिवशी सौभाग्याचं लेणं कोण काढते?”

“अन् पिंड झाल्यावर?”

कुसुमताईंनी रिकामे बोट चाचपले. मग एकदम म्हणाल्या, “चाळणी आणा! बायका स्नानाले निघाल्या, रेती सोडून देतीन!”

“महादेवाले चाळणीत घालता का, ताई?” सुभद्राबाई म्हणाल्या. “न खणता, न तुडवता पाहणारा आपल्या घरी हाय ना.”

म्हणजे मी!

उंबराखाली पावसाने सगळ्या पिंडी विरघळून एकच ढीग झाला होता. मी जिथे तिथे बोलू लागलो, कारण प्रत्येक पूजेत पैसा वाहिलेला. नुकत्याच न्हालेल्या सुभद्राबाई मी दाखवलेल्या जागी दोनच बोटे घालीत, नाणे निघाले की कपाळाला लावून परत ठेवीत. खाली पाणी उतरले होते. बायका नदीकडे पाहत थांबल्या होत्या. आणि नेमका माझा आवाज बसू लागला. सेल संपत आले होते. नत्थूजींनी ते काढले, तळहातांत चोळून चोळून गरम केले, पुन्हा घातले. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला.

कुंईं.

ढिगाच्या तळातून सुभद्राबाईंची बोटे वर आली. त्यांत रेतीने माखलेली अंगठी होती.

कुसुमताई रडू लागल्या. “जयवंता, सापडली वं!”

जयवंता शांतपणे म्हणाली, “थाळी बोलली तं खरं झालं, ताई. मी कालपासून तेच बोलून राहिली होती.”

कुसुमताई स्नान उरकून ओल्या लुगड्यानिशीच चारही घरी गेल्या आणि ‘चूक माझी होती’ असे प्रत्येक दारात उभे राहून सांगून आल्या. त्या वर्षी कुसुमताईंकडे महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाला पहिला पाट जयवंताचा मांडला गेला. ती लगेच बसली नाही. थोडा वेळ पाटाकडे पाहत राहिली, मग बसली.

पुढे बरीच वर्षे मी घाटावर फिरलो. कोणाचे पैंजण, कोणाच्या किल्ल्या शोधून दिल्या. मग नत्थूजींचे गुडघे दुखू लागले आणि मी माळ्यावर गेलो. पोटात सेल तसेच राहिले, फुटले आणि माझ्या तारा खाऊन गेले. आता मी बोलत नाही. दर हरतालिकेला जयवंता येते, मला खाली उतरवते आणि पदराने पुसते.

म्हणून मित्रांनो, एखादे यंत्र बाजूला ठेवाल तेव्हा त्याच्या पोटातले सेल आठवणीने काढा. आणि घरातले काही हरवले, तर आधी आपली ओंजळ उघडून पाहा, आपल्याच रेतीत शोधा. माझी थाळी धातूसाठी होती. माणसाचे खरे ऐकायला देवाने तुम्हाला कान दिले आहेत, आणि त्यांना सेल लागत नाहीत.