फळीवरचे सुटे बूट

बूटवाल्यांचं दुकान चाळीस वर्षं चाललं ते एकाच सिद्धांतावर: माणसाला जे काही दुखतं, त्याला त्याचा बूट जबाबदार असतो. गुडघा दुखला, टाच बदला. कंबर धरली, तळवा बदला. एका गिऱ्हाइकाच्या अर्धशिशीवर त्यांनी अर्धा नंबर मोठा बूट दिला होता. तो माणूस पुन्हा दुकानात फिरकला नाही, आणि गुण आल्याचा याहून मोठा पुरावा बूटवाल्यांना नको होता.

त्यामुळे स्वतःची डावी पोटरी दोनशे पावलांवर आवळायला लागली तेव्हा त्यांनी बूट बदलला. मग पुन्हा बदलला. वर्षभरात सात जोड झाले. पोटरी मात्र आपल्या मताला चिकटून होती. चाललं की दुखायचं, दोन मिनिटं उभं राहिलं की थांबायचं.

या सगळ्यात जीव मेटाकुटीला आला होता तो त्यांच्या बायकोचा. त्यांनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. मंडईपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता नवऱ्याबरोबर अर्ध्या तासाचा झाला होता, कारण हा गृहस्थ मध्येच थांबून कशाकडेही टक लावून बघत राहायचा.

"आता काय बघताय?"

"बँकेचे व्याजदर."

"अहो, ही बँक बंद होऊन दोन वर्षं झाली."

"तरीच इतके कमी आहेत."

मग एके दिवशी मोजा काढताना तो करंगळीला चिकटला, आणि बाईंना जखम दिसली. वाटाण्याएवढी, कडेनं काळपट.

"बूट चावलाय," बूटवाले म्हणाले.

"तुमच्याच दुकानातला?"

"नवीन आहे गं. ओळख व्हायचीय अजून."

बाईंनी त्यांना सरळ डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. अपूर्णांकांच्या तासाला रडून बाक ओला करणारी. बूटवाल्यांनी खुर्चीत बसता बसता आधी तिच्या सँडलची पाहणी केली आणि नापसंतीदर्शक मान हलवली.

"काका, जखम किती दिवसांची?"

"असेल आठवडाभराची."

"सिगारेट?"

"कधीतरी. दोन-तीन."

बाईंनी छताकडे पाहिलं. त्यांच्या हिशेबानं आठ होत्या.

डॉक्टरनं दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतला. मग पट्टा घोट्याच्या वर गुंडाळला आणि पेनासारखं एक यंत्र पावलावर टेकवलं. यंत्रातून सूं सूं आवाज यायला लागला.

"हे काय भलतंच?" बूटवाले म्हणाले. "रक्तदाब हाताचा बघतात."

"दोन्हीकडचा बघून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं," डॉक्टर म्हणाली आणि कॅल्क्युलेटर शोधू लागली. "दंड दीडशे, डावा घोटा चौऱ्याऐंशी..."

"शून्य पूर्णांक छप्पन्न शतांश," बाई म्हणाल्या.

डॉक्टर जरा चपापली. तरीही तिनं कॅल्क्युलेटरवर खात्री करून घेतली. "बरोबर आहे, बाई. एकच्या आसपास हवं. नऊ दशांशाच्या खाली गेलं की पायाकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजायचं." मग ती बूटवाल्यांकडे वळली. "आतून चरबीचे थर बसलेत, काका. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं. ते मिळत नाही, म्हणून ती ओरडते. थांबलात की मागणी कमी होते, म्हणून गप्प बसते. आता जखम भरायलाही रक्त पुरत नाहीये. आणि हे फक्त पायापुरतं नसतं, हृदयाच्या धमन्यांनाही यात धोका असतो. गोळ्या लिहून देते, त्या रोज घ्यायच्या. सिगारेट आजपासून एकही नाही. जखम बरी झाली की ठरवून चालायचं. दुखलं की थांबायचं, थांबलं की पुन्हा चालायचं. पण त्याआधी परवा अकरा वाजता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. हे टाळलंत तर बोट जाईल, आणि तेवढ्यावर भागेल असं मी सांगू शकत नाही."

"आणि बूट?" बूटवाल्यांनी विचारलं.

"बूट छान आहेत."

अख्ख्या भेटीतलं एवढंच वाक्य त्यांच्या कानात शिरलं. घरी येईपर्यंत ते चार वेळा थांबले आणि चारही वेळा म्हणाले, "ऐकलंस ना? बूट छान आहेत म्हणाली."

परवाचा दिवस उजाडला. दहा वाजता बाई पिशवीत कागद भरून तयार, आणि नवरा गायब. चहाच्या कपाखाली चिठ्ठी होती: माल यायचाय, सर्जनचं पुढच्या आठवड्यात बघू.

बाई तशाच दुकानात गेल्या. गल्ल्यावर कुणी नव्हतं. मागच्या गोदामात बूटवाले शिडीच्या पायरीवर बसले होते, मांडीवर एक उंच बूट उभा धरून. बुटातून धूर येत होता.

"बुटाला काय झालंय?"

"नवीन चामडं आहे."

"नवीन चामडं सिगारेट ओढतं?"

त्यांनी निमूटपणे बुटात हात घालून सिगारेट काढली आणि फरशीवर विझवली. बाईंनी बोलायला मोठा श्वास घेतला खरा, पण त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे ओळीनं बूट मांडले होते. पुसलेले, नाड्या बांधलेले. बाईंनी सवयीनं मोजले. सतरा. आणि त्यातल्या एकाचाही जोडीदार तिथं नव्हता.

"दुसरे कुठायत?"

"विकले."

"एकेक?"

"ज्यांना एकच लागतो त्यांना." बूटवाले जमिनीकडे बघत बोलत होते. "दोन घ्या असं कसं सांगायचं त्यांना? एक देतो, अर्धे पैसे घेतो. उरलेला टाकवत नाही." मग त्यांनी फळीकडे बोट केलं. "सतराही जण डॉक्टरकडे गेले होते. सगळ्यांचा पाय तिथंच राहिला."

म्हणजे सात जोड, बँकेचे व्याजदर, चावणारा नवा बूट, सगळं या भीतीपायी होतं तर. बाईंना एकाच वेळी रडावंसं आणि समोरचा उंच बूट उचलून फेकावासा वाटला. त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराशी बोलावं तशा त्या शांतपणे म्हणाल्या,

"डॉक्टरकडे गेले म्हणून पाय गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"ते काय सांगायचे मग? बूट घालून देताना तासतास गप्पा मारता ना तुम्ही?"

बूटवाल्यांनी मांडीवरचा बूट बाजूला ठेवला. बाहेर दुकानात कुणीतरी "आहे का कोणी?" म्हणून हाक मारली आणि वाट बघून निघून गेलं.

"त्यातला एक ड्रायव्हर म्हणायचा, तीन महिने घरीच मलम लावत बसलो," ते अखेर म्हणाले. "शिंपी म्हणायचा, पाय काळा पडल्यावर गेलो."

"आणि बाकीचे पंधरा?"

"तेच."

"सतरापैकी सतरा," बाई म्हणाल्या. "उठा. पावणेअकरा झालेत."

बूटवाले उठले. त्यांनी शटर ओढलं, कुलूप बाईंनी लावलं. रस्त्यात ते तीनदा थांबले, पण या वेळी कशाकडेही बघण्याचं नाटक केलं नाही. दुखतंय म्हणाले आणि उभे राहिले.

सर्जन घाईतला माणूस होता. त्यानं कागद चाळले, बोट पाहिलं, पाऊल हातात घेऊन थंड आहे का ते बघितलं.

"जखम कधीपासून? इथं आठवडा लिहिलंय."

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी बूटवालेच बोलले.

"छत्तीस दिवस. पोटरी वर्षभर दुखतेय. पंधरा दिवसांपासून पलंगावर पडलं की पाऊलही ठणकतं, पाय खाली सोडून बसलं की बरं वाटतं. हे हिलाही माहीत नाही."

सर्जननं पेन खाली ठेवलं. आता त्याची घाई संपली होती. "हे सांगितलंत ते बरं केलंत. आजच दाखल व्हा. उद्या धमनीत फुगा घालून रस्ता मोकळा करायचा प्रयत्न करू. बोट वाचवण्याइतका वेळ अजून हातात आहे असं मला वाटतं. सिगारेटी किती?"

"रोज चौदा."

"चौदा?" बाई म्हणाल्या.

"त्या बंद झाल्या नाहीत तर माझं काम फुकट जाईल," सर्जन म्हणाला.

"आज एकच झाली. तीही अर्धी," बूटवाले म्हणाले आणि खिशातलं पाकीट काढून त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

बाईंनी पाकीट उघडून आतल्या सिगारेटी मोजल्या. मग दुसरा खिसाही तपासला. तिथे आणखी एक पाकीट होतं.