कॉलेजच्या दारातून परत आलेला ई-मेल

अहो, जरा थांबा! मी एक ई-मेल बोलतोय. मला कागद नाही, पाकीट नाही, पण जीव माझाही कासावीस होतो.

माझा जन्म घणसोली गावातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. क्रांतीला नर्सिंगची सीट लागली होती. "सीट घेतेय" एवढंच संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला कळवायचं, नाहीतर ती पुढच्या मुलीला. तो निरोप म्हणजे मी.

तिच्या दादाने, संघर्षने, खोलीतच जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेलची ने-आण करणारं घरचंच पोस्ट ऑफिस, थाटलाय. "मेल आपला, सर्व्हर आपला. मध्ये इंटरनेट कंपनी कशाला पायजे?" असं तो ऐटीत म्हणायचा. अर्जातही तिथलाच ई-मेल पत्ता दिलेला. मग काय, मी निघालो तो थेट कॉलेजच्या सर्व्हरच्या दारात!

तिथल्या पहारेकऱ्याने मला उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "घरगुती कनेक्शनवरून आलास ना? असल्या ठिकाणांहून नुसता कचरा येतो. चल, नीघ!" आल्या पावली परत.

संघर्षने पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. तो भडकला. "आत काय लिहिलंय ते नाय बघत, कुठून आला ते बघतात! किती पिढ्या हेच ऐकायचं?"

मी काय चोरी केली होती हो?

"दादा, इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमधून पाठव ना," क्रांती म्हणाली.

"का म्हणून? आपलं काय चुकलं?"

"काहीच नाय. भांडण उद्या कर, मी पण येते. पण सीट आज जातेय माझी!" पोर रडकुंडीला आली होती.

दातओठ खात संघर्षने सेटिंग बदललं आणि मी कंपनीच्या मोठ्या सर्व्हरमार्गे निघालो. तोच मी, तीच अक्षरं. पण या वेळी पहारेकऱ्याने चूं न करता आत सोडलं. खरं सांगतो, हायसं वाटलं आणि संतापही आला.

कॉलेजच्या ऑफिसातल्या शर्मिला मॅडम घरी निघायच्या तयारीत होत्या. "अगंबाई, आला एकदाचा हिचा!" म्हणाल्या आणि क्रांतीची सीट पक्की करून टाकली.

आता मी इथे इनबॉक्समध्ये आहे, पण जिवाला चैन नाही. शेजारी स्पॅमची, म्हणजे संशयित मेलांची, कोठडी आहे. तिच्यात कितीतरी जण कोंबलेत. भामटेही आहेत, मान्य. पण सगळेच? तुमच्याकडेही अशी कोठडी असेल. एकदा उघडून बघा हो. एखाद्या पोरीची सीट तिथेच अडकून पडली असेल.