शिट्टी चालू असेपर्यंत

अरुंधतीला आज दम निघत नव्हता. सीताबर्डीच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत तिच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता आणि वाडीच्या गोदामात त्याचा जुळा भाऊ. इथली मालाची प्रत्येक पावती, प्रत्येक बिल्टी, तिथे आणि तिथली इथे, रोज संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून पोचावी, म्हणजे एक मशीन बसलं तरी दुसऱ्याकडे सगळं शाबूत, असा तिचा बेत. मागच्या उन्हाळ्यात इथली डिस्क गेली तेव्हा कोणता माल कोणाचा हे कळायला ट्रकवाल्यांच्या हातापाया पडावं लागलं होतं. तेव्हापासून ती या प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागली होती. आणि आठवडाभर प्रोग्राम रोज अर्ध्यावर अडत होता.

मालक मनोहरराव आज स्वतः वाडीला जाऊन बसले होते. तिथल्या मशीनवर मी माझ्या हाताने एक बिल्टी लिहीन, काय लिहिलं ते कोणाला सांगणार नाही, असं ते बजावून गेले होते. ती आज अरुंधतीच्या पडद्यावर उमटली तर दोन्ही मशीनं राहणार. नाहीतर वाडीचं उद्या परत. एवढी मेहनत एका बिल्टीवर टांगली गेली, पण अरुंधतीला भीतीपेक्षा चेवच जास्त चढला होता.

वाडीचं एक्स्चेंज अजून हाताने चालायचं. तिथली ऑपरेटर सिंधूताई दोर खोचायची तेव्हा कुठे नंबर जोडला जायचा. तो जोडला गेला, पलीकडून मशीनची शिट्टी आली, तसा अरुंधतीने रिसीव्हर मोडेमच्या रबरी खाचांत आडवा ठेवला. पडद्यावर आकडे धावू लागले. मग एकाएकी अक्षरांचा काला झाला आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. प्रोग्राम तर तिने इतक्यांदा चाळला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

तिसऱ्यांदा लावताना तिच्या मनात काय आलं कोण जाणे. त्याच लाइनीवरचा पलीकडच्या टेबलावरचा फोन तिने उचलला, बोलायच्या बाजूवर तळहात दाबला आणि कान दिला. शिट्टी, नुसती शिट्टी. आणि मधेच एक ठणठणीत आवाज आला.

"हॅलो, बोलून राहिले का गा? काहून कोणीच बोलत नाही?"

लगेच खट्ट. अरुंधती खुर्चीत बसून पोट धरधरून हसली. प्रोग्राम धडधाकट होता. इमानेइतबारे नोकरी करणारी सिंधूताई अधूनमधून लाइनीत डोकावत होती आणि उत्तर नाही म्हणून दोर उपसत होती.

तिने सिंधूताईलाच फोन लावला. ताई आधीच वैतागलेली. आठवडाभर ही लाइन किंचाळते, लाइनमनकडे तक्रारसुद्धा झाली, आणि बोलणं संपलं की दोर काढायचा हा तर नियमच, असं तिने ठणकावलं. तो ओरडा म्हणजे दोन मशीनांचं बोलणं आहे, मधे माणूस बोललं की ती गोंधळतात, हे अरुंधतीने समजावलं. ताईने लगेच मुद्द्याला हात घातला.

"मग मले कसं समजन, संपलं म्हणून?"

"शिट्टी चालू असेपर्यंत बोलणं चालू. तुम्ही नुसतं ऐका, ताई. बोलू मात्र नका."

पुन्हा शिट्टी. आकडे निघाले. रोजची अडायची जागा आली, गेली, आणि अरुंधती कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. शिट्टी थांबली. पडद्यावर वाडीच्या बिल्ट्या एकाखाली एक ओळीने लागल्या होत्या. रिसीव्हर उचलला तर मनोहरराव लाइनीवर हजर, काय आलं ते वाच म्हणाले.

तिने शेवटची बिल्टी वाचायला घेतली. माल, भिवापुरी मिरची, एक पोतं. पाठवणार, मनोहरराव. घेणार... ती पडद्याजवळ वाकली. घेणार, अरुंधतीबाई, सीताबर्डी. भाडं माफ.

"आणि ही बिल्टी आलीच नसती तर?" तिने विचारलं.

"पोतं म्या सकाळीच गाडीत टाकून ठेवलं होतं, बाई," मनोहरराव म्हणाले.

अरुंधतीने ती बिल्टी मनातल्या मनात पुन्हा वाचली. शिट्टी तर केव्हाच थांबली होती.

"आता बोलू काय, बाई?" सिंधूताईने हळूच विचारलं. "पावभर मले बी ठेवजा."