हाज शौकतची खिडकी

तसबिरी मढवताना लक्षात राहिलेलं : चौकटीत न मावलेला डाव्या कानाचा अर्धा भाग.

अत्तारीन बाजारातलं, माझ्या दुकानासमोरचं उसाच्या रसाचं यंत्र बंद पडलं की गल्लीतली भांडणं नीट ऐकू येतात.

कोपरा धरून ओढलं की वस्तू मोठी होते. संगणकाच्या पडद्यावर.

मयताच्या घरची बिनसाखरेची कॉफी, आणि ती आवडल्याचा चेहरा.

हाज शौकत काठी आपटत दुकानात शिरला. मागे विसाल, त्याच्या मेलेल्या भावाची, फिक्रीची बायको. शुक्रवारी फिक्रीचं चाळीसावं. भिंतीवर घराण्याची तसबीर हवी होती : एका माउंटमध्ये, म्हणजे काचेमागच्या जाड पुठ्ठ्यात, पाच भावांच्या फोटोंसाठी कापलेल्या पाच खिडक्या, मधोमध फिक्री. विसालचं मागणं एवढंच. पैसे शौकतचे, म्हणून बाकी मागण्या त्याच्या.

मी पडद्यावर खिडक्या मांडल्या.

"हा एवढा मोठा का?" त्यानं काठीनं फिक्रीला टोचलं.

"चाळीसावं त्यांचं आहे, हाज."

"थोरला मी. हज मी केला. हा सुवेझपलीकडे गेला नाही कधी. सरक, इंजिनीअरबाई."

माऊस त्यानं स्वतः घेतला. ओढला. पाचही खिडक्या फुगल्या.

"हे सगळे का वाढले?"

"तुम्ही सगळ्यांना निवडलंत."

"मी? हे माझ्या नशिबाला आले."

मग मी त्याची एकट्याची वाढवली. अजून, म्हणाला. अजून. माउंटचा पुठ्ठा तेवढाच, फिक्री आक्रसत कोपऱ्यात गेला आणि शौकत मधोमध बसला, लग्नात नवरदेवाच्या खुर्चीत बसलेल्या काकासारखा.

"त्यांचा कान कापला जातोय," विसाल म्हणाली.

"जिवंतपणी तरी कुठे ऐकायचा?"

"मधोमध तरी राहू द्या त्यांना, हाज."

त्यानं खिशातून आपला फोटो काढला.

मी सांगितलं, खिडकी वाढली म्हणून फोटो वाढत नाही. हा तिच्यातून आरपार जाईल. मोठा छापून आणा.

"हजला काढलेला, हरमच्या पवित्र मशिदीच्या अंगणातला फोटो आहे हा. त्याची नक्कल लावू?"

"मग मागच्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटवते."

"त्याला गोंद फासशील? वरून एक पट्टी लाव, बास."

मी पट्टी लावली. यंत्रानं त्याची खिडकी फार सुबक कापली होती.

शुक्रवारी मी विसालच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत पुरुष, आत आम्ही बायका, मधलं दार उघडं. शेख कुराणपठणाला बसले. पुरुषांच्या खोलीतल्या तसबिरीवर मोठा दिवा सोडला होता, शौकतच्याच हुकमानं. उष्णतेनं पट्टी सुटली आणि हाज काचेमागे सावकाश खाली गेला. मधल्या खिडकीत पांढरा पुठ्ठा उरला, तळाशी त्याच्या फोटोतल्या मिनाराचं टोक.

शेख दम घ्यायला थांबले, तेवढ्यात फिक्रीच्या म्हाताऱ्या आत्यानं दारातून विचारलं, "विसाल, आमचा फिक्री कुठला गं?"

"तो कोपऱ्यातला, आत्या."

"आणि मधोमध?"

"मधोमध कुणी नाही."

शौकत अर्धा उठला. "उतरवा ते."

"पठण चालू आहे, हाज," विसाल म्हणाली. "मधे उठू नये."

तो बसला. शेखांनी पुढचा सूरा, म्हणजे अध्याय, धरला. तो लांबलचक होता. लोक येत राहिले, पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले, मग वाकून कोपऱ्यातल्या फिक्रीला शोधत राहिले.

फिक्रीचा फोटो विसालनं काढला होता, अबू कीरच्या किनाऱ्यावर, लग्नाआधी. त्यात त्याचा डावा कान पूर्ण होता.