पाटी, टोपी, कप

लिहायला आवाज लागत नाही, म्हणून इथे मी पूर्वीसारखा मोठ्यानं बोलणार आहे. कुणाला कान झाकायचे असतील तर खुशाल झाकावेत.

मी फळबाजारात लिलाव पुकारायचो. सकाळी ओट्यावर चढायचं, पेट्या पुढे यायच्या, झाकण उघडायचं आणि पुकारा सुरू. बाजारात मला सगळे भोंगा म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याला वाटलं असेल, हा चिडेल. मला तो किताबच वाटायचा. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात ते काही खोटं नाही. मी डाग पडलेला माल खपवला आहे आणि घेणारा हसत हसत घेऊन गेला आहे. घरी गेलो तरी आवाज खाली यायचा नाही. दारातूनच ‘आई, आलो गं’ अशी आरोळी ठोकायचो. शेजारचे म्हणायचे, तुमच्या आईला कळलं ते कळलं, आम्हालाही कळलं.

मग घसा बसला. पुकारणाऱ्याचा घसा बसायचाच, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. बायकोनं मागे लागून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज जाईल.

“किती जाईल?” मी विचारलं. मला अजून घासाघीस करता येईल असं वाटत होतं.

“सगळा,” ते म्हणाले.

याच आजारानं माझे वडील गेले. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आई आता थकलेली, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, वर छातीचं दुखणं. मी आणि बायकोनं ठरवलं, तिला सांगायचं की लांब बंदरावर मोठा बाजार निघालाय आणि मला तिकडे पुकारायला बोलावलंय. दवाखान्यात म्हणाले होते की प्रयत्न केला तर वेगळ्या तऱ्हेनं बोलता येतं. तसं बोलायला लागलो की मी स्वतः तिच्यासमोर बसून सगळं सांगणार होतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला हे कळता कामा नये, ही माझी अट. बायको म्हणाली, “अहो, अशानं गुंता होईल.” मी ऐकलं नाही. ऐकणं हा माझा धंदाच नव्हता.

ऑपरेशन झालं आणि मी घरी आलो. मानेच्या तळाशी एक भोक, त्यातून श्वास घ्यायचा, वरून मफलर. अंगावरचं मांस निम्म्यानं उतरलेलं. पाय न वाजवता आत शिरायचं असं ठरलं होतं, पण आंधळ्या माणसाला पाऊल चुकत नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली आई म्हणाली, “कोण आलंय?”

सवयीनं मी तोंड उघडलं. आलं काहीच नाही. गळ्यातल्या भोकातून फस्स झालं तेवढंच.

बायको गडबडली. “माणूस ठेवलाय आई, तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “ह्यांनीच पाठवलाय. मुका आहे बिचारा.”

“मुका?” आई म्हणाली. “बरोबर. माझ्या मुलाला ऐकून घेणाराच लागतो.”

अशा रीतीनं मी माझ्याच घरात कामाला लागलो.

उद्या सांगून टाकू, असं आम्ही रोज म्हणायचो. पण सांगायचं कुणी? मुक्यानं लिहावं, तर आंधळीनं वाचावं कसं? आणि बायकोला मी पाटीवर लिहून दाखवायचो: थांब, मी बोलेन. दवाखान्यातून तसली एक पाटी मिळाली होती, लिहायचं आणि वरचा कागद उचलला की पुसलं जायचं. दिवसभरात मी जे काही बोलायचो ते असं कागद उचलून पुसलं जात होतं.

आईला मी जेवू घालायचो, औषध द्यायचो, नखं कापायचो. मोरीपर्यंत नेताना ती माझं मनगट धरायची. एकदा ते चाचपून म्हणाली, “अगदीच काडी पैलवान आहेस रे. माझ्या मुलाचं मनगट हातात मावत नाही.” मी मफलर घट्ट केला. ओरडायचं होतं, पण त्याला जागा नव्हती.

हळूहळू ती मुक्याशी बोलायला लागली. मुका कुणाला सांगणार? तिनं मुलाचे सगळे अवगुण मला ऐकवले. तोंडाळ आहे, हट्टी आहे, बायकोला बोलू देत नाही, गेला तो गेला, एक फोन नाही. “सूनबाई म्हणते, दुपारी तुम्ही झोपता तेव्हा करतात फोन. अख्ख्या बाजारावर जातो त्याचा आवाज, आणि माझी झोप मोडत नाही त्यानं?” मी वाटीत चमचा ढवळत बसलो.

एक दिवस म्हणाली, “त्याचे वडील गेले ना, त्यानंतर हा लगेच ओट्यावर उभा राहिला. मला इतका राग आला होता. लोक काय म्हणतील? तेव्हा आम्ही बाजाराच्या मागेच राहायचो. मी आपली भिंतीला टेकून बसलेली. उठायचंच नव्हतं मला. आणि मागून याचा आवाज आला. नेहमीसारखाच. मग मी उठले, चूल पेटवली.” थोड्या वेळानं म्हणाली, “हे त्याला कधी बोलले नाही. कशाला चढवायचं? आधीच डोक्यावर बसलेला.”

मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि रडलो. स्वरयंत्र नसलं की रडण्यालाही आवाज नसतो. नळ सोडायची काही गरज नव्हती.

त्या दिवसांत मला जगायची हौस उरली नव्हती, हे सरळच सांगतो. नाकातून हवा जात नाही म्हणून वासही गेले. फळांच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाला पिकलेल्या फळाचा वास येऊ नये, ही काय शिक्षा आहे? एकदा जाऊन लांबून ओटा पाहिला. माझ्या जागी एक पोरगेलासा माणूस हातात माईक धरून पुटपुटत होता आणि वर खांबाला खराखुरा भोंगा लावलेला होता. ओळखीच्या हमालानं मला पाहिलं, पण ओळखलं नाही. मी परतलो तो पुन्हा गेलो नाही.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बुटक्या, कडक, चष्मा कायम कपाळावर. त्यांची पद्धत अशी: तोंडातली हवा गिळायची, ती पोटात जाऊ न देता घशातूनच परत वर आणायची आणि येता येता तिचा शब्द करायचा. म्हणजे सरळ मराठीत, ढेकर. चारचौघांत ढेकर दिला म्हणून लहानपणी आईनं मला फटके दिले होते. आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर मी तेच शिकायला बाकावर बसलो.

“प, ट आणि क,” बाई म्हणाल्या. “ही अक्षरं म्हणताना हवा आपोआप मागे ढकलली जाते. म्हणून यांच्यापासून सुरुवात. पाटी. टोपी. कप.”

मी पाटीवर लिहिलं: आई.

बाईंनी वाचलं आणि मान हलवली. “तो शब्द सर्वांत अवघड. सुरुवातीला धरायला व्यंजनच नाही त्यात. तोंड नुसतं उघडं. तो सगळ्यांत शेवटी येतो, कित्येकांना येतही नाही.”

तान्ह्या पोराला जो पहिला येतो, तो मला शेवटचा. मी पाटीचा कागद उचलला आणि शिकायला लागलो.

हवा गिळायची, ती पोटात जायची, पोट फुगायचं, दुखायचं. महिने असेच गेले. घरी सराव करायचो तर आई म्हणायची, “सूनबाई, मुक्याला जेवण पचत नाही गं. जरा कमी वाढत जा.” शिवणाच्या मशीनवर बसलेली बायको तोंडात पदर कोंबून हसायची आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे. दोनदा मी शिकणं सोडलं. दोन्ही वेळा तिनं मला हाताला धरून बसमध्ये बसवलं.

एक दिवस ‘टोपी’ आली. गटारात बुडबुडा फुटावा तशी, पण टोपीच. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग पाटी आली, कप आला, पोपट, काका, पक्कं. वाक्यं यायला लागली, अडखळत, तुकड्या-तुकड्यांनी. घरी मात्र मी गप्पच राहिलो. आईला मी सांगणार ते तिला हाक मारून सांगणार, टोपी म्हणून नाही.

बाईंनी मला नव्या लोकांसमोर बसवायला सुरुवात केली. आताच गळा कापून घेतलेली माणसं, भिंतीकडे तोंड करून बसलेली. डॉक्टरांचं ते ऐकत नसत, माझं ऐकत. मी मफलर काढून भोक दाखवायचो आणि म्हणायचो, “काका. टोपी. घाला.” एखादा खांदे हलवून हसायचा, आमच्या हसण्याला आवाज नसतो. ज्यानं महिनाभर तोंड उघडलं नव्हतं असा एक गवंडी माझ्यासमोर ‘पाटी’ म्हणाला, तेव्हा मला जे वाटलं ते ओट्यावर कधी वाटलं नव्हतं. ओट्यावर मी नुसता माझा आवाज ऐकत होतो. पुढे दवाखान्यानं मला रीतसर कामावर घेतलं. दारावर पाटी नाही, पण खोली आहे आणि त्या खोलीत माझी वाट बघणारी माणसं आहेत.

‘आई’ आला तोही त्याच खोलीत. मी दुसऱ्यालाच काहीतरी दाखवत होतो, हवा वर आली, तोंड उघडं होतं आणि शब्द बाहेर पडला. आधी मला कळलंच नाही. गवंड्यानं मांडीवर थाप मारली, मग सगळ्यांनी मारल्या. मी पुन्हा म्हटला. पुन्हा आला. बाई म्हणाल्या, “आज लवकर घरी जा.”

बसमध्ये मी तो मनातही म्हटला नाही, झिजेल म्हणून.

घरी बायको मशीनवर होती, आई खिडकीपाशी. मी स्टूल ओढून आईसमोर बसलो. मफलर सोडला. हवा गिळली.

“आई.”

मशीन थांबलं.

“कोण?” आई म्हणाली.

“आई.”

तिनं हात पुढे केला. मी मनगट दिलं. तिनं ते चाचपलं. “मुक्या?” ती म्हणाली. “तू बोललास? अगं सूनबाई, ऐकलंस का? मुक्याला वाचा फुटली. मला आई म्हणाला.” आणि ती रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

“मी. तुझा. मुलगा,” मी म्हणालो. प्रत्येक शब्दाला हवा गिळावी लागते.

“तर काय,” आई म्हणाली. “पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलंस माझं.”

“नाही. मीच. तो.”

“हो रे बाळा, तूच तो.” ती माझ्या मनगटावर थोपटत होती. “फक्त तो आला ना, की त्याच्यासमोर असं म्हणू नकोस. तापट आहे. हेवा वाटेल त्याला.”

मी बायकोकडे पाहिलं. ती उठून जवळ आली होती. “आई, अहो, नीट ऐका, हे...”

“थांब गं, त्याला बोलू दे. आत्ता कुठे बोलतोय.” आईनं डोळे पुसले. “बघ मुक्या, तुला वाचा आली. आता माझ्या मुलाचा आवाज तेवढा एकदा कानावर पडू दे, मग मला काही नको. सकाळी उठते ती त्याच्यासाठीच. वाटतं, आज दारातून ओरडेल. नाहीतर या अंधारात उठायचं तरी कशाला?”

बायको माझ्याकडे बघत होती. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. आईनं तिच्यावर विश्वास ठेवला असता. मी आईला मिळालो असतो आणि जो आवाज ऐकायला ती रोज उठत होती तो त्याच क्षणी मेला असता, वडिलांच्याच आजारानं. मी दवाखान्याच्या त्या खोलीत कितीतरी माणसांना बोलतं केलं होतं. माझ्या बायकोला मात्र मी मान हलवून गप्प केलं.

ती परत मशीनवर जाऊन बसली. मशीन सुरू झालं नाही.

“येईल ना रे तो?” आईनं विचारलं.

मी हवा गिळली. प पहिल्यापासूनच सोपा.

“पक्कं,” मी म्हणालो.

“किती स्पष्ट बोलतोस,” आई म्हणाली. “म्हण बघू पुन्हा.”

मी पुन्हा म्हणालो.